चपला राखणारा

दिवेलागणीची वेळ होती. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते आणि शांतू दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. यात नवीन काही नव्हतं. माझा धाकटा भाऊ शांतवन, आमचा शांतू, जन्मभर माझ्या दारात असाच उभा राहिला. आत यायचं नाही आणि जायचंही नाही. "काय रे?" मी विचारलं. "काय न्हाई." मी परातीत पीठ ओढलं. थोड्या वेळानं पुन्हा, "आक्का..." मी म्हटलं, "अरे बोल की, तव्यावरची करपतेय!" तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आज काय दिवस बरा न्हाई." मला वाटलं, पोटात गॅस धरला असेल. दुपारी भरीत तीनदा मागून घेतलं होतं साहेबांनी. मी चिमूटभर ओवा हातावर ठेवला. त्यानं तो निमूट चावला आणि जाऊन पडला. सकाळी चहा घेऊन गेले तर कुशीवर झोपलेला, एक हात उशीखाली, चष्मा खिडकीत. हाक मारली, हलवलं... गार पडला होता. कुणाला त्रास न देता गेला, भाग्याचं मरण आलं, असं गाव म्हणालं. मी मात्र अजून त्या ओव्याला शिव्या देते.

या पुरवणीच्या किती वाचकांना त्याचं नाव माहीत असेल, कोण जाणे. पण आमच्या श्रीगोंदा-कर्जतकडच्या कुठल्याही ख्रिस्ती घरात जाऊन नुसतं 'गमाजी' म्हणा, म्हाताऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसतील. शांतू कर्जतच्या गाडीवर कंडक्टर होता. "पुढं सरका, पुढं सरका, सर्गातबी लई जागा हाय, पन लोकं दाराशीच गर्दी करत्यात," असं म्हणत तिकिटं फाडायचा. आणि आमच्या मंडळीच्या मासिकात दर नाताळाला एक विनोदी गोष्ट लिहायचा. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. गोष्टी सगळ्या एकाच माणसाच्या. चिंचवस्ती नावाचं गाव, तिथलं पत्र्याचं चर्च आणि तिथं घंटा वाजवणारा गमाजी. या गमाजीनं कुणाचं ना कुणाचं काही वाकडं केलेलं असायचं. कधी पाळकसाहेबांचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा, कोंबडा परस्पर पाहुण्यांना खाऊ घातलेला, कधी कापणीच्या सणाला शेजाऱ्यानं वाहिलेला भोपळा आपलाच म्हणून मिरवलेला. नाताळ जवळ आला की त्याचं मन त्याला खायला उठायचं. मग तो धुतलेलं धोतर नेसून, हातात केळीची फणी घेऊन माफी मागायला निघायचा, आणि वाटेत जे काही व्हायचं त्याची गोष्ट! एकदा केळी आणि माफीचं भाषण लिहिलेला कागद, दोन्ही शेळीनं खाल्लं. सगळ्यांत गाजली ती शिंगणापूरची. गमाजीला कडी वाजवायचा धीर होत नाही, म्हणून तो ठरवतो की शनिशिंगणापुरात दुकानावर कामाला असलेल्या मेव्हण्याची माफी आधी मागावी. तिथं घरांना दारंच नाहीत, कडीचा प्रश्नच मिटला. आणि तिथं जाऊन दिवसभर उन्हात उभा राहतो. कारण दार नसेल तर माणसानं थांबायचं कुठं? एकदम आतच जावं लागतं की! गोष्ट कुठलीही असो, शेवट ठरलेला. गमाजी मागं फिरायचा आणि म्हणायचा, आज काय दिवस बरा नाही.

या सगळ्या गोष्टी माझ्या हातच्या. म्हणजे डोकं त्याचं, अक्षर माझं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, अक्षर मोत्यासारखं म्हणून तालुक्यात नाव. शांतूचं अक्षर म्हणजे शेणात कोंबडी नाचलेली. तो डेपोतल्या रद्दी कागदांच्या पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीनं खरडून आणायचा आणि मी शाईनं उतरवून, शुद्धलेखन नीट करून मासिकाला धाडायचे. मी उतरवत असताना तो समोर बसून माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा. "हसलीस का? कुठं हसलीस?" असं विचारायचा. मला वाटे, मेल्याला लेखकाची हौस आहे. एकदा मी वैतागून म्हटलं, "अरे, त्या गमाजीला एकदा तरी माफी मागू दे. लोक कंटाळतील." तर म्हणाला, "मागितली की गोष्ट संपली, आक्का. मंग तू काय उतरवशील?" तेव्हासुद्धा मी हसले.

त्याची दुसरी गंमत म्हणजे चपला. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांनी मिळून घ्यायचा. जुन्या माणसांनी घालून दिलेला दंडक असा की ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं आधी ते मिटवावं, मगच भाकरीला हात लावावा. जमत नसेल तर मुकाट्यानं उठून बाहेर बसावं. आता कोण उठतं बाहेर? सगळे डोळे मिटतात आणि भाकर घेतात. फक्त आमचा शांतू, भाकर पुढं आली की सगळ्यांच्या देखत उठायचा आणि दाराबाहेरच्या दगडावर जाऊन बसायचा. नवे पाळकसाहेब आले की विचारायचे, "शांतवनभाऊ, आपण का घेत नाही?" याचं उत्तर तयार. "साहेब, चपला कोन राखनार? चोर काय ख्रिस्ती नसत्यात व्हय?" पाळक आले, बदलून गेले, पण शांतूची जागा काही बदलली नाही. लोक हसायचे. मीही हसायचे. आणि मी स्वतः? मी दर महिन्याला पुढून दुसऱ्या बाकावर बसून, डोकं झाकून, भाकर घेत होते. गल्लीतल्या एका बाईशी चाळीस वर्षं अबोला धरून घेत होते. मनाला सांगायचे, माझं कुणाशी वाकडं नाही, मी फक्त बोलत नाही.

आता तेही सांगते. लाज धरून बसू तरी कुणासाठी? मी चोवीस वर्षांची असताना माझं लग्न ठरलं होतं. जामखेडकडचं स्थळ, मुलगा कंपाउंडर, हसला की पुढचा एक दात डोकवायचा. त्या दाताची मला फार माया आली होती. आमच्यात लग्न ठरलं की मंडळीत तीन रविवार नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर कळवावी म्हणतात. पहिला रविवार झाला, दुसरा झाला. तिसऱ्या रविवारी पाळकसाहेब उभे राहिले, व्यासपीठावरच्या कापडाखालून एक कागद काढला, वाचला, घडी केली आणि आमची नावं न घेताच भजनाचा नंबर सांगितला. बिनसहीची चिठ्ठी होती. मुलीला फेफरं येतं, खात्री करून घ्यावी. अहो, मला जन्मात कधी साधी घेरी आली नाही! पण पाहुणे 'चौकशी करू' म्हणाले आणि दिवाळीच्या आत त्यांनी मुलाचं दुसरीकडे उरकूनही टाकलं. त्यानंतर मला कुणी विचारलं नाही. आई लकव्यानं अंथरुणाला खिळलेली होती, वडील आधीच गेलेले. अकरा वर्षं मी तिच्या कुशी बदलल्या. शांतूला त्याच सुमारास कंडक्टरची नोकरी लागली आणि तो कर्जतला राहायला गेला. रविवारी तेवढा घरी यायचा, निवृत्त झाल्यावर कायमचा माझ्याकडे आला. त्यानंही लग्न केलं नाही. "समद्यांना पुढं सरका म्हननाऱ्याला कोन जवळ करतंय?" म्हणायचा.

चिठ्ठी कुणाची, याबद्दल मला कधी शंका आली नाही. सगुणाबाईची! ती आमची बायबलबाई. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायची, आजारी माणसापाशी बसायची. व्यासपीठावरचं कापड धुवायचं काम तिचं, आणि लग्नाची भाची तिच्या घरात. आणखी काय पुरावा हवा? त्या रविवारपासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. ती चर्चच्या वाटेवर भेटली की म्हणायची, "सलाम, सुवार्ते." मी चिंचेच्या झाडाकडे बघत पुढं जायचे. बेचाळीस वर्षं ती सलाम म्हणाली आणि बेचाळीस वर्षं मी ते झाड बघितलं. शांतू बरोबर असला की खाली मान घालून चालायचा. मला वाटायचं, माझ्यासाठी वाईट वाटतंय बिचाऱ्याला.

शांतूला माती दिली त्यानंतरचा रविवार नेमका पहिला होता. मी भाकर घेतली, द्राक्षरस घेतला, डोळे पुसत बाहेर आले आणि पायरीवर पाय ठेवताच ओरडले. फरशी तव्यासारखी तापलेली. चपला सापडेनात. सगळ्यांच्या चपला एकमेकींवर पडलेल्या, काही उलट्या, काही सुलट्या, आणि माझी एक चप्पल पार पन्हाळीखाली. मी तिथं एका पायावर नाचत उभी... आणि मला कळलं की बेचाळीस वर्षांत मी कधी चपला शोधल्याच नव्हत्या. बाहेर यावं, तर माझा जोड दाराच्या डाव्या अंगाला, सावलीत, तोंड बाहेर करून ठेवलेला. पाय सरकवायचे आणि निघायचं. मला वाटायचं, चपला अशाच असतात.

पंधरवडा गेल्यावर मी त्याची खोली काढली. कंडक्टरची जुनी कातडी बॅग खुंटीला होती. आत तिकिटांना भोकं पाडायचा चिमटा, दोन पेन्सिली आणि कागदांची चवड. वरचे सगळे ओळखीचे, गमाजीचे, मी उतरवलेले. तळाशी मात्र चार कागद होते, सगळ्यांत जुने, घड्यांवर फाटलेले. ते त्यानं मला कधी दिले नव्हते. त्यांत गमाजी नव्हता, 'मी' होता. त्यानं लिहिलं होतं, मी विसाव्या वर्षी काय केलं ते. आक्का सासरी गेली तर आईला कोण बघणार, आणि मी नोकरीवर जाणार कसा, असं मनात आलं. महिनाभर लग्न लांबवावं, तोवर मावशीला बोलवून घ्यावं. शनिवारी चर्चमधी कोण नसताना डाव्या हातानं चिठ्ठी लिहिली नि कापडाखाली सारली. महिनाभर लांबंल, एवढंच वाटलं हुतं... शेवटच्या कागदावर तीनच ओळी होत्या. 'सांगायला आक्काच्या दारात गेलो. आक्का भाकऱ्या थापत हुती. म्हनली, काय रे? म्हनलं, काय न्हाई.' पुढं कागद कोरा.

मी काय केलं सांगू? ती बॅग भिंतीवर फेकली. "मेल्या, मेलास म्हणून सुटलास!" असं मोकळ्या घरात ओरडले, घसा बसेपर्यंत. माझं घर, माझी न झालेली पोरं, तो पुढचा दात... सगळं याच्या डाव्या हातानं गेलं होतं, आणि हा माझ्याच भाकऱ्या खाऊन मला हसवत होता! त्याची माफी मी अठ्ठावीस वेळा माझ्या हातानं उतरवली, ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, आणि पोट धरून हसले. त्या दिवसापासून तव्यापुढं बसणं नको झालं. दिवेलागणीला भाकरी थापायला घेतली की पाठीमागं दारात कुणीतरी उभं असल्यासारखं व्हायचं. सवयीनं तोंडातून "काय रे?" निघायचं आणि मग जीभ चावायची. शेवटी मी भाकरी करणं सोडलं. चहा-पाव खायचे, तेही भिंतीला पाठ लावून, दार समोर दिसेल असं. भुताला मी भीत नाही. पण त्यानं आता सांगितलं तर मी काय म्हणू, याची मला भीती वाटत होती.

आणि सगुणाबाई? तिचं काय? आता ती पंच्याऐंशीची, एकटी, चार घरं सोडून पलीकडे. एका सकाळी मी उठून निघाले. लुगडं धुतलेलं नेसले. काष्टीच्या बाजारातून आणलेली केळी होती, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून तीच घेतली. तिच्या दारापाशी गेले. कडीला हात लावला. आतून तिच्या खोकल्याचा आवाज आला आणि माझा हात तिथंच अडकला. तिनं तोंडावर दार लावलं तर? तिनं रडून गाव गोळा केलं तर? मी मागं फिरले आणि माझ्याच तोंडून निघालं, "आज काय दिवस बरा नाही." खाली बघितलं, तर हातात केळीची फणी. मी रस्त्यातच हसायला लागले आणि हसता हसता हुंदका फुटला. एक कडी वाजवायला किती बळ लागतं ते मला सहासष्टाव्या वर्षी कळलं. भाऊ माझा, तो ती बेचाळीस वर्षं वाजवायला बघत होता.

दुसऱ्या दिवशी गेले ती केळी न घेता. कडी वाजवली. सगुणाबाईनं दार उघडलं, डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि म्हणाली, "सलाम, सुवार्ते. आत ये, ऊन लागंल." जसं काही मी रोजच येत होते! मी उंबऱ्यातच उभी राहून म्हटलं, "सगुणाबाई, ती चिठ्ठी तुमची नव्हती."

"न्हवती."

"मला कळलं कुणाची ते."

"शांतूची," ती म्हणाली. "शनवारी मी कापड बदलायला गेल्ते, तवा ह्यो आतनं बाहीर आला. मला रविवारी उमगलं. मी जामखेडलाबी जाऊन आले, पोरीला काय न्हाई म्हून सांगून. पन त्या लोकांनी काय ऐकलं न्हाई."

मी खाली बसले. "मग मी तुमच्यावर आळ घेतला... इतकी वर्षं... तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुजा नवरा तर गेल्ताच, पोरी. भाऊबी घालवू का?"

तिनं तांब्या पुढं सरकवला आणि मग खुदकन हसली. "त्याला म्या दर नाताळाला इच्यारायचे, सांगितलंस का रं? म्हनायचा, बाई, औंदा गोष्टीत लिवलंय, आक्का उतरवती हाय, तिला आपसूक कळंल. लई शानी मास्तरीन तू! काय म्हंता काय कळलं न्हाई तुला." मी तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं आणि म्हटलं, मला माफ करा. ती म्हणाली, "ते कवाच केलं. तू बोलत न्हवतीस, म्हून सांगायचं ऱ्हायलं."

गेल्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. सगुणाबाई माझ्या शेजारी बसली होती. पाळकसाहेबांनी नेहमीसारखं सांगितलं, ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं आधी मिटवावं. मी मनात चाचपून बघितलं. शांतूला माफ केलं असं म्हणायला गेले, तर जीभ वळेना. खोटं कशाला बोलू, तेही भाकरीपुढं? जन्म गेला होता माझा. मी उठले आणि सगळ्यांच्या देखत बाहेर चालत गेले. मागं कुजबुज झाली. मी त्याच्या दगडावर जाऊन बसले आणि प्रथमच मला दिसलं की तिथून खिडकीतून फक्त एकच बाक दिसतो. पुढून दुसरा, माझा. पोरानं इतकी वर्षं बाहेर बसून माझी पाठ बघितली होती.

समोर चपला पसरल्या होत्या. नुसतं बसवेना, म्हणून एक जोड सरळ केला. मग दुसरा. कुणाच्या पायाचे अंगठे उमटलेल्या, कुणाच्या बंदाला दोरा घातलेल्या, सगुणाबाईच्या रबरी, माझ्या... सगळ्यांची तोंडं बाहेर केली. मांडून झालं तोवर आत भजन सुरू झालं होतं आणि लोक भाकरीसाठी उठत होते. मला पाठीमागं ते जाणवलं. दाराच्या चौकटीला टेकून कुणीतरी उभं होतं, आत जात नव्हतं आणि निघतही नव्हतं. मी वळून बघितलं नाही.

"काय रे?" मी म्हटलं.

तो काय न्हाई म्हणायच्या आत मी बोलून टाकलं. "जा, शांतू, आत जा. आज चपला मी राखते."